समुद्रकाठचं घर पाहुण्यांना देताना: कोकणातल्या यजमानांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग-नागावपासून दिवेआगर, गुहागर, तारकर्ली, वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतची अनेक घरं आता पाहुण्यांना राहायला दिली जातात. बहुतेकांकडे दोन ते पाच खोल्या, पगारी व्यवस्थापक नाही, घरातलीच माणसं आणि शेजारच्या एखाद-दोन बायका मिळून सगळं बघतात. ही उत्तरं अशा घरांसाठी आहेत. पाहुण्यांच्या बऱ्याचशा तक्रारी एकाच जागी उगम पावतात: भरतीची वेळ, विहिरीचं पाणी, वाऱ्यावादळात जाणारी वीज आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की ती सांगायची असते हेच सुचत नाही.

बुकिंग पक्कं झालं की पाहुण्यांना काय कळवायचं?

येण्याच्या दोन दिवस आधी एकच सविस्तर संदेश पाठवा. दहा तुटक संदेश कोणी जपून ठेवत नाही.

नकाशावरचं ठिकाण द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. कोकणात नकाशा पुष्कळदा वाडीच्या मागच्या पायवाटेवर किंवा पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) आणून सोडतो आणि गाडी तिथून वळत नाही. म्हणून शेवटचा एक किलोमीटर शब्दांत लिहा: कोणत्या देवळापाशी वळायचं, कोणता गडगा (दगडी कुंपण) डाव्या हाताला ठेवायचा, गाडी कुठे लावायची, तिथून सामान घेऊन किती पावलं चालायचं. पायऱ्या असतील तर त्यांचा आकडा द्या. गुडघे दुखणारी आजी सोबत असेल तर '२२ पायऱ्या' ही माहिती तिच्या मुलाला बुकिंगच्या वेळीच हवी असते.

'समुद्राला लागून' असं लिहू नका. चालत किती मिनिटं, वाट सुरूच्या बनातून की रस्त्याने, रात्री उजेड असतो का, ते लिहा. कोणत्या कंपनीचं नेटवर्क चालतं, सर्वांत जवळचं एटीएम आणि औषधांचं दुकान किती लांब आहे, पाश्चात्त्य पद्धतीचं शौचालय किती खोल्यांना आहे, हेही त्याच संदेशात जाऊ द्या. आणि उलट तीन प्रश्न विचारा: किती जण, किती वाजता, शाकाहारी किती.

पाहुणे सकाळी सात-आठलाच येऊन उभे राहतात. खोली तर दहाला रिकामी होते. काय करावं?

मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या एक्स्प्रेस पहाटेपासून सकाळपर्यंत रत्नागिरी, कणकवली, कुडाळ घेत जाते. त्यामुळे हे नेहमीच होणार. यावर उपाय म्हणजे एक मोकळं न्हाणीघर आणि पडवी. सामान ठेवायला कुलपाची जागा, अंघोळीला गरम पाणी, चहा आणि घावणे किंवा आंबोळी एवढं मिळालं की माणूस तीन तास आनंदाने थांबतो. नाश्त्याचे वेगळे पैसे घेणार असाल तर तेही आधी सांगा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात. त्या दिवसांत रिक्षावाल्या दादांना गाडीची प्रत्यक्ष वेळ बघूनच स्टेशनवर पाठवा.

स्वागताला काय द्यावं?

गूळ-पाणी. चार-पाच तास प्रवास करून उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगलं काही नाही. त्यानंतर कोकम सरबत द्यायचं असेल तर एक भाग अमृत कोकम, चार ते पाच भाग गार पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. अमृत कोकम आणि आगळ यांची गल्लत करू नका. आगळात मीठ असतं, साखर नसते. ते सोलकढीला.

सामान खांद्यावर असताना नियम वाचून दाखवू नका. पाणी पिऊन, तोंड धुऊन झालं की दहा मिनिटांत घर दाखवा: गिझरचं बटण, पिण्याच्या पाण्याची जागा, वीज गेली तर काय चालतं आणि काय नाही, पाय धुवायचा नळ आणि समुद्राची वाट. बाकीचं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्लॅस्टिकमध्ये घालून खोलीत लावा. नुसता कागद दमट हवेत महिनाभरात लोंबायला लागतो.

भरती-ओहोटीची वेळ कशी सांगायची?

रोज फळ्यावर लिहा. पाहुण्यांचा सगळा दिवस तिच्यावर बेतलेला असतो आणि बहुतेकांना ती कशी बदलते हे ठाऊक नसतं.

दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी दहाला पाणी भरलं होतं तर आज पावणेअकराच्या सुमारास भरेल. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आजही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६, द्वादशीला ९, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशोब शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत चालतो. रत्नागिरी-मालवणकडे तो बऱ्यापैकी जुळतो, अलिबागकडे भरती त्याहून पाऊण-एक तास उशिरा येते. पोहायला किंवा खडपांवर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) जायचं असेल तेव्हा मात्र भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप बघूनच वेळ सांगा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि जास्त लांब उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. अलिबागच्या बाजूला उधाणाचा चढउतार चार मीटरच्या वर जातो, मालवणकडे तो साधारण निम्मा असतो. म्हणूनच अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो आणि परतायला उशीर केला तर होडीची वाट बघावी लागते. हरिहरेश्वरचा खडकांवरचा प्रदक्षिणा मार्गही फक्त ओहोटीचा. तिकडे जाणाऱ्या पाहुण्यांना 'पाणी चढायला लागायच्या आत परत या' एवढं सांगून सोडू नका, घड्याळातली वेळ सांगा.

समुद्रात उतरण्याबद्दल काय आणि किती सांगावं?

जितकं सांगाल तितकं थोडं. इथे भिडस्तपणा नको. यजमानाचं या घरातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे.

शहरातून आलेला माणूस पाण्यात उतरायला शांत जागा शोधतो. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, तिथलं पाणी गढूळ, फेस किनाऱ्याकडे न येता आत चाललेला. हीच ओढीची जागा असते. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जातं आणि माणसाला घेऊन जातं. पाहुण्यांना ही जागा वरून, कोरड्या वाळूत उभं राहून, बोटाने दाखवा. एकदा दाखवली की पुन्हा ओळखता येते.

त्यांना सांगायच्या गोष्टी: ओहोटी लागलेली असताना कमरेच्या वर जायचं नाही. खाडीच्या मुखाशी उतरायचंच नाही, देवबागच्या संगमासारख्या जागा होडीतून बघायच्या. दारू पिऊन पाण्यात जायचं नाही. अंधार पडल्यावर नाही. जीवरक्षक असेल तर त्याच्या समोरच. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे पोहत झगडायचं नाही, कारण पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर पडायचं. दुसऱ्याने वाचवायला उडी मारण्याआधी दोरी, रिकामा कॅन, टायरची ट्यूब असं तरंगणारं काहीतरी फेकायचं. अशी एक हवा भरलेली ट्यूब आणि १५-२० मीटर दोरी घराच्या फाटकापाशी कायम लटकलेली असू द्या.

जेलीफिशचा डंख झाला तर जागा चोळायची नाही आणि गोडं पाणी लावायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा जाड कार्डाने काढायचे, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग २० ते ४० मिनिटं ठेवायचा. श्वास लागला, उलट्या झाल्या तर लगेच दवाखाना. फोन क्रमांक दारामागे लिहा: ११२ आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिका, १५५४ तटरक्षक दल. त्याखाली गावातल्या डॉक्टरांचा आणि ज्यांची होडी लगेच निघू शकते त्या शेजाऱ्यांचा.

वाळू घरभर होते. कशी आवरायची?

दारात अडवा, आत आल्यावर ती आवरत नाही. फाटक आणि पडवी यांच्यामध्ये गुडघ्याच्या उंचीवर एक नळ, खाली चिऱ्याचा उंचवटा, शेजारी खुर्ची. पाय धुतलेलं पाणी गटारात सोडू नका, माडाच्या आळ्यात सोडा. वाळू तिथे बसते आणि पाइप तुंबत नाहीत. नळापासून दारापर्यंत काथ्याची दोन पायपुसणी, एक ओलं झालं तर दुसरं. समुद्रावर न्यायचे टॉवेल गडद रंगाचे आणि वेगळे ठेवा, नाहीतर खोलीतले पांढरे टॉवेल वाळूत जातात.

न्हाणीघराच्या जाळीखालचं भांडं दर पाहुण्यामागे काढून धुवा. 'पाणी निघत नाही' ही तक्रार दहातल्या नऊ वेळा तिथली ओली वाळू आणि केस असते. फरशी आधी कोरडी झाडायची, दोनदा, मगच पुसायची. ओल्या फडक्याने वाळू ढकलली की ती सांध्यात बसते आणि लादीवर चरे पडतात.

एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं. पाहुणे तक्रार करतात. उपाय काय?

आधी कारण समजून घ्या. किनाऱ्याजवळ जमिनीखाली खारं पाणी असतं आणि पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं असल्यामुळे त्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि खालचं खारं वर चढतं. सिद्धान्त सांगतो की गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली तर खाऱ्याची हद्द ४० मीटरपर्यंत वर येऊ शकते. प्रत्यक्षात जमीन कशी आहे यावर ते ठरतं, पण मोठा पंप लावून एका दमात टाकी भरणं हेच विहीर बिघडण्याचं मुख्य कारण.

हिशोब असा करा. पाहुणा माणूस घरच्या माणसापेक्षा जास्त पाणी वापरतो, कारण समुद्रावरून आल्यावर पुन्हा अंघोळ होते. माणशी दिवसाला १५० ते २०० लिटर धरा. आठ जणांना १,२०० ते १,६०० लिटर. म्हणजे वर २,००० लिटरची टाकी हवी, आणि ती अर्धा-पाऊण तासाच्या दोन-तीन हप्त्यांत भरा: पहाटे, दुपारी, रात्री. मध्ये विहिरीला झरायला वेळ द्या. विद्राव्य क्षार मोजायचा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. मार्चपासून आठवड्याला एकदा आकडा वहीत लिहा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० ही कमाल मर्यादा. आकडा चढायला लागला की उपसा कमी करून टँकरची सोय बघा, पूर्ण खारं होईपर्यंत थांबू नका. एकदा खारावलेली विहीर पाऊस पडेपर्यंत सहसा सावरत नाही.

पाहुण्यांना खरं सांगा: 'या दिवसांत अंघोळीचं पाणी थोडं मचूळ असतं, साबणाला फेस कमी येतो, पिण्याचं पाणी वेगळं आहे.' पिण्यासाठी माणशी ३ लिटर धरून २० लिटरचे जार आणून ठेवा. अशा पाण्याने गिझरच्या कॉइलवर खार चढतो, तेव्हा पावसाळ्याआधी एकदा गिझर उघडून साफ करून घ्या.

वीज गेली तर किती वेळ निभतं?

इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. हाती येतात साधारण १,२५०. चार जुने पंखे (प्रत्येकी ७५ वॅट) आणि ९ वॅटचे सहा दिवे धरले तर ३५४ वॅट, म्हणजे साडेतीन तास. तेच पंखे कमी वीज खाणारे, ३० वॅटचे बीएलडीसी बसवले तर १७४ वॅट, म्हणजे सात तासांच्या आसपास, अख्खी रात्र. मोठ्या बॅटरीआधी पंखे बदला. एसी, गिझर, पंप इन्व्हर्टरवर चालत नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगा. टाकी नेहमी भरलेली ठेवली तर वीज नसतानाही नळाला पाणी राहतं. गळतीला वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर पाहुणे घेण्याआधी बसवा, आणि त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. ओल्या अंगाने बटणांना हात लावणारी माणसं या घरात रोज असतात.

चादरींना कुबट वास येतो.

वास साबणाचा दोष नसतो, पूर्ण न वाळता घडी घातल्याचा असतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून खाऱ्या वाऱ्यात वाळत घातलेलं कापड संध्याकाळी पुन्हा दमट होतं. दुपारी तीनच्या आत काढून, उन्हाची ऊब असतानाच घडी घाला. प्रत्येक खाटेमागे तीन जोड हवेत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात पाच. कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढा. गाद्या दर पंधरा दिवसांनी उन्हात टाका.

गंज किती आणि कुठे धरतो?

सगळीकडे. बिजागऱ्या, कड्या पितळेच्या घ्या. स्टील घ्यायचंच तर ३१६ प्रतीचं, नेहमीचं ३०४ किनाऱ्यावर काही महिन्यांत तांबूस डाग दाखवतं. कुलपात तेल घालू नका, त्याला वाळू चिकटते. ग्रॅफाइटची पूड घाला. एसीचं बाहेरचं यंत्र समुद्राच्या उलट बाजूला बसवा आणि दर पंधरवड्याला, वीज बंद करून, गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. जोरात मारलं तर पातळ पात्या वाकतात.

जेवणाची सोय कशी सांगावी?

मागणी आदल्या रात्री नऊपर्यंत घ्या. मासे लिलावावर अवलंबून असतात, म्हणून 'पापलेट थाळी' असा शब्द देऊ नका. 'सकाळी जे ताजं मिळेल ते: सुरमई, बांगडा, सौंदाळे किंवा कोळंबी, आणि दर त्या दिवशीचा' असं सांगा. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा खाडीचे मासे, तिसऱ्या, सुकट-सोडे यांचा बेत ठेवा आणि तसं आधीच कळवा. शाकाहारी पाहुण्यांसाठी तवा आणि कढई खरोखरच वेगळी ठेवा. काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाची भाजी, अळूचं फदफदं असं असताना त्यांना पनीर द्यायची काहीच गरज नाही.

कोणत्या नोंदी आणि परवानग्या लागतात?

राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेत घराची नोंदणी करता येते. ग्रामपंचायतीला कळवा. जेवण देत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं ओळखपत्र, फोन, गाडीचा क्रमांक वहीत नोंदवा. पाहुण्याकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. अमेरिकेहून आलेला आपल्याच नात्यातला मुलगा असला तरी.

बांधकामाबाबत सावध राहा. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार स्थानिकांना आपल्या घरात पाहुणे ठेवता येतात, पण चौथऱ्याचं क्षेत्र, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता. पुढे एक खोली काढू, वर पत्र्याची माडी चढवू, असं ठरवण्याआधी आपला भूखंड कोणत्या पट्ट्यात येतो हे तपासून घ्या.

रात्रीचा गोंगाट?

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला कायद्यानेच बंदी आहे. बुकिंगच्या संदेशातच लिहा. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये समुद्राकडचे दिवेही नऊनंतर मालवा. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर त्या काळात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि घराकडे भरकटतात. वाळूत गाडी घालायची नाही, हेही त्याच ओळीत.

अंगणात माड आहेत. काळजी काय?

पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, दर दीड-दोन महिन्यांनी बोलवा. नारळासोबत सुकलेल्या झावळ्याही उतरवून घ्या. माडाखाली गाडी, झोपाळा किंवा बाळाची खाट नको.

शौचटाकी लवकर भरते.

न्हाणीघराचं पाणी तिच्यात सोडलं असेल तर वेगळं करा. ॲसिड आणि ब्लीच रोज ओतलं की मैला कुजवणारे जिवाणू मरतात. आठवड्यातून एकदा, थोडंच वापरा. पॅड आणि ओले रुमाल टाकायला झाकणाचा डबा आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवा. डबा ठेवला नाही तर या वस्तू टाकीत जाणारच.

गणपतीत घर द्यावं का?

आपली माणसं मुंबईहून येणार असतील तर देऊ नका. शिमग्यालाही तेच. त्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच बंद करून टाका.

पावसाळ्यात घर बंद ठेवायचं झालं तर?

मेच्या अखेरीस कौलं फिरवून घ्या, पन्हळी आणि गटारं साफ करा. गाद्या उन्हात तापवून दोन खाटांवर उभ्या करून ठेवा, भिंतीला टेकवू नका. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार अर्धवट उघडं ठेवून त्यात खुर्ची अडकवा. गॅसचा रेग्युलेटर काढा. नळाखालच्या जाळ्यांवर पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, म्हणजे झुरळं आणि गोमी वर येत नाहीत. मुख्य स्वीच बंद करा. आणि शेजारच्या काकूंना किल्ली देऊन ठेवा: उघडीप मिळेल त्या दिवशी दोन तास खिडक्या उघडायच्या, चुलीत थोडा धूर करायचा, आणि वासे-रिपांना कुठे वाळवी लागली आहे का ते बॅटरीच्या उजेडात बघायचं.